गुडघा बघणारे वकील

आमच्या शेजारचे रशीद वकील कुणीही भेटलं की आधी त्याचा गुडघा दाबून बघतात. नमस्कार नंतर. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा हे सहज डोकावले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "डावा गेलाय तुमचा. जिने टाळा." आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. तरी लग्न जमलं.

वकील तरुणपणी फुटबॉल खेळायचे. एका अंतिम सामन्यात त्यांचा गुडघा फुटला, आणि त्यांना दवाखान्यात न्यायला भाजीचा टेम्पो मिळाला, तोही उशिरा. खेळ तिथंच संपला. मग ते कायदा शिकले, वकिली करू लागले आणि खेळाडूंची संघटना काढली. मागणी एकच: मैदानावर अॅम्ब्युलन्स नसेल तर खेळायचं नाही. बाकी सगळ्या अन्यायांना ते "फाउल हाय हे" म्हणतात. वांगी महागली तरी, घरी भाभींनी चहात साखर कमी घातली तरी.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा जुना क्लब त्यांच्या काळानंतर पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. मलाही त्यांनी ओढून नेलं. मैदानावर अॅम्ब्युलन्स नव्हती.

"येईल की. सुरू तर करा," संयोजक म्हणाले.

"आल्यावर करू."

"तुमची पोरं उतरली न्हाईत, तर कप समोरच्यांना देऊन टाकीन."

"द्या," वकील म्हणाले.

त्यांची पोरं मैदानात बसली. लोक वकिलांना शिव्या घालू लागले, त्यात क्लबचे जुने लोकही होते. तेवढ्यात समोरच्या संघाचा कप्तान येऊन वकिलांजवळ मांडी घालून बसला. मागोमाग त्याचा सगळा संघ.

"आमीबी संघटनेत हाय की, चाचा."

आता कप द्यायला कुणी उरलं नाही. अॅम्ब्युलन्स आली.

सामना सुरू झाला आणि वकील दिसेनासे झाले. शेवटी शेवटी त्यांच्या क्लबनं गोल मारला आणि कप जिंकला. मी त्यांना शोधत गेलो. मैदानाच्या भिंतीमागं अॅम्ब्युलन्स उभी होती आणि स्टिअरिंगवर वकील.

"ड्रायव्हर कुठाय?"

"त्याला मॅच बघायची होती. म्हटलं, जा. गाडी मी सांभाळतो."

"आपण जिंकलो."

"आवाज आला." मग म्हणाले, "गोल कसा झाला?"

मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. पाहिलं तसं सांगितलं: डावीकडून चेंडू आला, एका पोरानं डोकं लावलं. वकील डोळे मिटून ऐकत होते.

"परत सांगा की, भाऊ."

दुसऱ्यांदा सांगताना मी गोलकीपरला जरा जास्त उंच उडवलं.