डिस्कने कोणत्या मार्गाने कळवावे

ज्याला कळतं आणि ज्याला ठरवायचं असतं, ते दोघे थेट बोलू लागले की कुठल्याही संस्थेची शिस्त बिघडते. म्हणूनच मोठ्या इस्पितळाने या दोघांच्या मध्ये एक समिती बसवली.

इस्पितळातल्या रुग्णांचे सगळे स्कॅन संगणकांच्या खोलीतल्या डिस्कच्या कपाटात साठवलेले असत. डिस्कची नाडी कळे ती ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामला, आणि वरिष्ठांना स्क्रीनवर तिची तब्येत दाखवी ते व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर. पहिल्याने दुसऱ्याला कोणत्या मार्गाने कळवावं, एवढंच समितीला ठरवायचं होतं. अध्यक्षांना सगळे एकमतसाहेब म्हणत, कारण एकाचाही हात खाली दिसला की ते निर्णय पुढे ढकलत. (या गुणावरच ते अध्यक्षपदापर्यंत पोचले होते.)

सॉफ्टवेअरने विचारावं आणि ड्रायव्हरने उत्तर द्यावं, हा पहिला पर्याय. तो फारच सरळ असल्याने संशयास्पद ठरला. दुसऱ्यात ड्रायव्हरने फाइलमध्ये लिहून ठेवायचं आणि सॉफ्टवेअरने सवडीने वाचायचं. तिसऱ्यात दोघांच्या मध्ये आणखी एक प्रोग्राम बसणार होता, ज्याला दोघांचंही काही कळणार नव्हतं. तो नव्वद टक्के सदस्यांना आपल्यातलाच वाटला. उरलेल्या दहा टक्क्यांचा डोळा लागला होता, त्यामुळे एकमत झालं नाही.

निर्णय होईपर्यंत कोणत्याही पर्यायावर अन्याय नको, म्हणून तिन्ही मार्ग बंद ठेवण्यात आले. ड्रायव्हरकडून तक्रार न आल्यास डिस्क ठणठणीत समजावी, असा ठरावही झाला. त्या महिन्यापासून डिस्क बिघडण्याचं प्रमाण शून्यावर आलं. (समितीचा सत्कार झाला.)

एका बैठकीत इंजिनीअर चाचरत म्हणाला, "साहेब, वरच्या कप्प्यातली एक डिस्क खरखरतेय."

"कोणत्या मार्गाने कळलं?" एकमतसाहेबांनी विचारलं.

"कानाने ऐकलं, साहेब."

"कान आपल्या तीन पर्यायांत आहे का?"

इंजिनीअरची बढती तोंडावर आली होती. त्याने खरखर मागे घेतली.

एकमतसाहेबांना आई गेल्यावर ताईने वाढवलं होतं. तिच्या फुफ्फुसात जुनी गाठ होती आणि दरवर्षीचे स्कॅन त्याच कपाटात होते. यंदा ताईचा खोकला हटेना. सर्जननी जुने स्कॅन मागवले. स्क्रीनवर सगळं हिरवंगार होतं आणि कपाटात डिस्क कधीच मरून पडली होती.

"जुनी चित्रं नाहीत, तर गाठ वाढली की तेवढीच आहे, मला कसं कळणार?" सर्जन म्हणाले. "धोका पत्करता येणार नाही. तेवढा भाग काढावाच लागेल."

भाग काढला, आणि तपासणीत गाठ निरुपद्रवी निघाली. आता ताईला दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती.

"डिस्क गेलीय... तुला ठाऊक नव्हतं का रे?"

"कुणी कळवलंच नाही गं, ताई," ते म्हणाले आणि तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तातडीची बैठक बोलावली, टेबलावर मूठ आपटली आणि ओरडले, "कोणताही एक मार्ग निवडा, पण आत्ताच्या आत्ता!" त्यांनी हात वर केला. बाकी सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच एकमताच्या आड तेच येत होते. थोड्या वेळाने त्यांनी हात खाली घेतला. मग चालू व्यवस्था कायम ठेवण्याचा ठराव आला, तो बिनविरोध मंजूर झाला.

प्रश्न लोकांच्या जिवाचा असल्याने लोकांचंही मत घेण्यात आलं. हरकती मागवणारी सूचना इस्पितळाच्या फाटकावर लावली होती, आणि हरकत न कळवणाऱ्यांची संमती गृहीत धरली जाईल असं तीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मुदत काल संपली. त्या फाटकातून तुम्हीही गेला होतात, फोनमध्ये डोकं घालून. तुमची हरकत आलेली नाही. समिती तुमची आभारी आहे.