बाबाभाईंचा तिरपा दिवा

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पुढं पेन्सिल हातात आली ती वाण्याच्या यादीपुरती. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण बाबाभाईंच्या मोटारीचा प्रकार कुणीतरी लिहून ठेवायला हवा, आणि आमच्या गल्लीत दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

बाबाभाई आमचे शेजारी. कर्जत ते नगर त्यांची सर्व्हिस मोटार चाले. सकाळी जायची, दिवेलागणीला परत यायची. तिला पुढं दोन दिवे होते, ते सगळ्याच मोटारींना असतात. बाबाभाईंनी तिसरा लावला आणि तो रस्त्याकडं बघायचाच नाही. डाव्या अंगाला, खिडकीच्या वर, रुसलेल्या जावयासारखा तोंड फिरवून बसलेला.

"मियाँ, ह्यो दिवा बाभळी मोजतो का?" लोक विचारायचे.

"मोटारीला शोभा पायजे," बाबाभाई म्हणायचे. हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग शोभा वाढतच गेली. आत हिरवा बल्ब आला, त्याच्या उजेडात सगळी माणसं कच्च्या कैरीसारखी दिसत. डोक्यावर पंखा आला. दुसरा भोंगा आला. टपावर दोन लाल दिवे आले. मूळचे दोन धरून एकूण आठ नग. आठही चालू केले की मिरजगावच्या आसपास मोटार गप्प बसे, आणि तिकीट काढलेली माणसं खाली उतरून तिला ढकलत. बाबाभाई मागं वळून विचारत, "मंडळी, पंखा पायजे का भोंगा? दोन्ही मिळायचं न्हाई."

मी गोधड्या शिवते. त्या बाबाभाई नगरच्या दुकानात विकून देत आणि पैसे मी त्यांच्याकडंच ठेवायची, कारण घरात पैसा टिकत नाही. दोन वर्षांत चाळीस रुपये साठले. होळीनंतर खर्ड्याला माझ्या धाकट्या बहिणीचं, सोनीचं लग्न होतं. तिला माझ्या कमाईचं इरकली लुगडं आणि चांदीचे पैंजण द्यायचे, असं मी मनात धरलं होतं. मनातच, कारण मोठ्यानं बोलायची मला सवय नाही.

लढाई संपली तसं नगरला लष्करी भंगार विकायला निघालं. एके दिवशी बाबाभाई दारात आले. मी दाराआड.

"वहिनी, डायनामो मिळतोय. लष्करी लॉरीचा, लई मोठा. तुमचे पैसे तेवढे वापरू का? लग्नाच्या आत देतो."

डायनामो म्हणजे काय, हे मला कळलं नाही. नाही म्हणायचं कसं, तेही कळलं नाही. मी "बरं" म्हटलं.

डायनामो बसला. पहिल्या दिवशी बाबाभाईंनी चौकात आठही नग एकदम चालू केले. असा लख्ख उजेड पडला की देवळापाशी बसलेली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. आणि मग फाट, फाट, फाट! एकेक करून सगळे दिवे फुटले. लढाई परत आली म्हणून कुणीतरी पळालं. पंख्यातून धूर आला.

झालं असं की डायनामो बाराचा होता आणि मोटार सहाची. बारा काय आणि सहा काय, हे मला आजही विचारू नका. पण मग बारा पचायला अजून एक बॅटरी लागली, ती पहिलीला जोडावी लागली, बल्ब नवे आणि पंखाही दुसरा. माझे चाळीसच्या चाळीस त्यात गेले.

लग्न जवळ आलं. मी पैसे मागायला गेले. तोंड उघडायच्या आत बाबाभाई म्हणाले, "बसा वहिनी, समजावतो. बॅटरी म्हंजे रांजन. डायनामो म्हंजे पानी शेंदनारी बाई. आधी बाई बारकी, रांजन एक, अन् पिनारे आठ. मग कोरडा पडल का न्हाई?"

"पडेल," मी म्हणाले आणि परत आले.

दुसऱ्यांदा गेले, तेव्हा ते म्हणाले, "पैशे कुठं गेले न्हाईत तुमचे. बॉनेटखाली हायत. गरागरा फिरत्यात." मी मान हलवून परत आले. घरी येऊन विचार केला तर काहीच कळेना. पैसे फिरतात तर सोनीला नेसवायचं काय?

तिसऱ्यांदा मी पदर दातात धरून एका दमात बोलले. "पिणारे कमी करा ना. तो तिरपा दिवा विका. तो कुणाच्या उपयोगाचा आहे?"

बाबाभाईंनी आवाज खाली आणला.

"ओढ्यापाशी, रस्त्याला लागून आपा ऱ्हाती माझी," ते म्हणाले. "थोरली बहीन. तिनंच वाढवलं मला. शेळ्या सोडून गावात येत न्हाई, अन् तिला ऐकू येत न्हाई. मोटार आली का बघायला रोज सांजचं रस्त्यात येऊन उभी ऱ्हायची. एकदा लॉरी चाटून गेली. आता उजेड तिच्या घरात भिंतीवर पडतो. मी आलो, हे तिला चुलीपाशी बसून कळतं."

"मग बाकीचे सात?"

"पुढचे दोन तर लागत्यातच. पन हा एकच जादा लावला असता तर लोकांनी इचारलं असतं, कुनासाठी? अन् आपाच्या बहिरेपनावर हसले असते. भाराभर लावले, तर नुसतं येडा म्हनत्यात. ते बरं."

मी उठले. "राहू द्या बाबाभाई, पैशांचं नंतर बघू."

"नंतर कशाला? सोनी बी बहीनच हाय की."

लग्नाला आठ दिवस असताना मोटार चौकात आली ती उघडीबोडकी. पंखा नाही, हिरवा बल्ब नाही, दुसरा भोंगा नाही, टपावरचे लाल दिवे नाहीत. दुसऱ्या मोटारवाल्याला सगळं विकलं होतं. पुढचे दोन सोडले तर राहिला तिरपा दिवा.

"मियाँ, सगळी शोभा गेली, अन् हा एक कशाला ठेवला?" कुणीतरी ओरडलं.

मी दारातून ऐकत होते. बाबाभाई मोटारीतून खाली उतरले.

"माझ्या बहिनीसाठी," ते म्हणाले. सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले.

कुणी हसलं नाही.

मग ते आमच्या दाराशी आले आणि उंबऱ्यावर रुमाल ठेवला. "मोजून घ्या, वहिनी."

मी पाठमोरी बसून मोजले. दोनदा चुकले, पहिल्यापासून मोजले. चाळीस भरले.