डॉक्टरांचा विणकामात हात बसतो

दातांच्या डॉक्टरांना हळूहळू एक समजूत चिकटते, की आपलं म्हणणं सगळ्या जगाला पटतं. यात त्यांचा दोष नाही. दिवसभर ते ज्यांच्याशी बोलतात त्यांची तोंडं उघडी असतात खरी, पण आत आरसा, कापूस आणि डॉक्टरांचीच दोन बोटं असतात. अशा वेळी माणूस फार तर "आँ" म्हणतो आणि डॉक्टर तो होकार धरतात. आपल्या गोष्टीतले डॉक्टर वर्षानुवर्षं असा होकार ऐकत आले होते.

दवाखाना खाली आणि घर वर. मधल्या जिन्यात डॉक्टरांचा अधिकार कुठेतरी गळून पडे आणि वर पोचायचा तो नुसता नवरा. वरचं राज्य बायकोचं. सगळी गल्ली तिला डॉक्टरीणबाई म्हणे, पण तिचा मान काही नवऱ्यामुळे नव्हता. तो होता तिच्या विणकामामुळे. गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्याकडेच सुया धरायला शिकल्या होत्या. आता लेकीला पहिलं बाळ होणार होतं आणि बाई त्याच्यासाठी लिंबाच्या रंगाच्या मऊ लोकरीचा इवलासा स्वेटर विणत होत्या.

एका रविवारी बाईंची थोरली बहीण चहाला आली. तिने तो अर्धा स्वेटर उलटसुलट करून पाहिला.

"बघा डॉक्टर, हिचा हात बघा! मशीनसुद्धा झक मारेल."

"छान आहे," डॉक्टर म्हणाले. (इथेच थांबले असते तर पुढचं काही घडलंच नसतं.) "पण खरं सांगू का ताई, यात अवघड असं काय आहे? दोन सुया, एक दोरा. आम्ही डोळ्यांना न दिसणारी नस शोधून काढतो."

"मग घाला की दोन टाके," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सुया पुढे केल्या.

डॉक्टरांनी सुया घेतल्या. पुढच्याच क्षणी एक सुई सोफ्याखाली गेली, लोकर चहात गेली आणि सुटलेले टाके तोंड वासून डॉक्टरांकडे बघू लागले. ताईंना हसता हसता ठसका लागला.

"अहो डॉक्टर, ही लोकर काय खुर्चीत दाबून बसवलेली पेशंट आहे होय? ही उलटून बोलते!"

ते डॉक्टरांना लागलं. त्यांनी मनाशी ठरवलं की विणकाम शिकायचं, तेही गुपचूप, आणि एक दिवस या दोघी बहिणींना तोंडात बोट घालायला लावायचं. पण सरावाला लोकर आणायची कुठून? लोकरीच्या दुकानदाराची जीभ डॉक्टरांनी अगदी जवळून पाहिली होती. ती एक क्षण गप्प राहत नसे. तेव्हा घरात जे आहे त्यावरच हात साफ करायचा असं ठरलं. घरात होता तो बाळाचा स्वेटर.

दुपारी दवाखाना बंद असे आणि बाई शेजारच्या इमारतीत विणकामाचा वर्ग घ्यायला जात. डॉक्टरांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, टोपलीतून स्वेटर काढला आणि श्वास रोखून दोन ओळी विणल्या. एक टाका निसटून खाली पळाला, तो त्यांनी दात तपासायच्या आकड्याने धरून आणला. काही टाके इतके घट्ट झाले की सुई आत शिरेना, काही इतके सैल की त्यातून करंगळी जावी. शिवाय मोजून बघितलं तर टाके आधीपेक्षा वाढलेले. कुठून आले देव जाणे! डॉक्टरांनी स्वेटर घाईघाईने टोपलीत कोंबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भीत भीत तो बाहेर काढला आणि बघतच राहिले. कालच्या ओळी अगदी सरळ होत्या. टाके एकसारखे, मोत्यांसारखे. वाढलेले टाकेही गायब.

डॉक्टरांनी शास्त्रीय विचार केला. दातात भरलेलं सिमेंटसुद्धा लगेच घट्ट होत नाही, त्याला बसायला वेळ द्यावा लागतो. लोकरीचंही तसंच असणार. आज ओबडधोबड दिसलं तरी उद्यापर्यंत टाके आपापल्या जागी बसतात. एवढी साधी गोष्ट व्हिडिओवाल्या बाईला माहीत नसावी याची त्यांना कीव आली.

खरी गोष्ट काय होती ते तुमच्या लक्षात आलंच असेल. संध्याकाळी डॉक्टर खाली दवाखान्यात असत तेव्हा बाई स्वेटर हातात घेत, त्या भयंकर ओळी पाहून चरकत, मुकाट्याने उसवत आणि पुन्हा विणत. नवऱ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ज्याला शर्टाचं बटण लावताना भोक सापडत नाही, तो सुईला हात लावेल असं कोण म्हणेल? घरात तिसरं माणूस नाही. म्हणजे या ओळी आपणच विणल्या, आणि विणलेल्या आठवतही नाहीत, असाच हिशेब निघत होता.

असं रोज चाललं. रोज दुपारी डॉक्टरांचा हात सुधारत होता आणि रोज संध्याकाळी बाईंचा बिघडत होता. बाईंनी चष्म्याचा नंबर बदलून आणला. त्या बसल्या बसल्या बोटं चोळू लागल्या. एकदा जेवताना म्हणाल्या, "अहो, माझे हात बघता का जरा?"

डॉक्टरांनी हात उजेडात धरला, एकेका बोटावर दाढ ठोकून बघावी तसं टिचकीने ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "वयानुसार व्हायचंच थोडं."

"काय व्हायचंच?"

"झीज. काळजी करू नकोस, कोमट पाण्याच्या गुळण्या... म्हणजे, हात बुडवून बस कोमट पाण्यात."

बाई पाणी तापवायला उठल्या. डॉक्टरांना मात्र मनातल्या मनात जरा बरंच वाटलं. स्वेटर हल्ली फारसा वाढत नव्हता. म्हणजे बिचारीच्याने होत नाही आणि गाडा आपणच ओढतोय! योग्य वेळी हे जाहीर करायचं, पण मोठ्या मनाने, असं त्यांनी ठरवून टाकलं.

योग्य वेळ रविवारी आली. ताई पुन्हा आल्या, पण या वेळी हसत नव्हत्या. बाईंनी स्वेटर, सुया आणि उरलेली लोकर पिशवीत भरून ताईंपुढे ठेवली.

"तूच पुरा कर गं. माझ्याच्याने आता होत नाही. काल विणलेलं आज ओळखू येत नाही मला. उद्यापासून वर्गही बंद. मुलींना काय तोंडाने शिकवू?" बाईंनी पिशवीला गाठ मारली. "पोरगी म्हणत होती, आईच्या हातचंच पहिलं घालणार बाळाला. तिला तेवढं तू सांग. मला नाही सांगवत."

डॉक्टरांना वाईट वाटलं. (त्याच वेळी आपला मोठेपणा दाखवायची संधी आली हेही त्यांच्या ध्यानात आलं, पण वाईट वाटलं हे खरं.) ते उठून उभे राहिले.

"ती पिशवी ठेवा खाली ताई. स्वेटर याच घरात पुरा होईल. मी करीन तो."

"कोण?" दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.

"मी. इतके दिवस मीच करतोय. हिला कळू दिलं नाही इतकंच."

आणि त्यांनी सुया हातात घेतल्या. जीभ किंचित बाहेर काढून, घाम पुसत, एकदा खिशातला आकडा वापरून त्यांनी एक अख्खी ओळ विणली आणि स्वेटर बायकोच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी नवा चष्मा लावला. काढला. जुना लावला. मग त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"ताई, हेच ते! रोज संध्याकाळी मी उसवते ना, ते हेच!"

"उसवतेस?" डॉक्टर दचकले. "अगं, आत्ता ते तसंच दिसणार. उद्या दुपारी बघ तू."

"उद्या काय होणार आहे?"

"बसेल ना ते. सिमेंटसारखं. मी रोज बघतो."

"ते काही बसत नाही हो," बाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी मी बसते. ते उसवून पुन्हा विणायला."

मग बाईंनी आपले दोन्ही हात समोर धरले, उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले, आणि त्या रडू लागल्या. रडता रडता हसू लागल्या. ताईंना वाटलं आता पाणी आणावं, पण तेवढ्यात बाईंचा तिसरा सूर लागला.

"झीज! हात धडधाकट असताना मला झीज सांगितलीत! रोज बोटं चोळत बसायची मी तुमच्यासमोर. का चोळतेस म्हणून एकदा तरी विचारलंत?"

डॉक्टरांचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघाला तो फक्त "आँ" एवढाच. त्यांना मनापासून लाज वाटली.

"आता ती ओळ तुम्हीच उसवा," बाईंनी शिक्षा सुनावली. "माझ्यादेखत."

डॉक्टर मान खाली घालून बसले आणि उसवू लागले. आणि काय आश्चर्य! एकसारख्या हलक्या ओढीने, न हिसकता, न गुंतता, टाक्यामागून टाका मोकळा होत गेला. जिथे ओळ संपली तिथे हात थांबला, खालचा एकही टाका हलला नाही. सुटलेली लोकर त्यांनी गुंडाळली ती नवी असल्यासारखी.

"बाई बाई!" ताई म्हणाल्या. "असं उसवणं मी जन्मात पाहिलं नाही."

स्वेटर वेळेआधी पुरा झाला. बाळाने तो घातला आणि त्यावर भरपूर लाळ गाळली. बाईंचा वर्ग पुन्हा भरू लागला. ताईंच्या तोंडात काही राहत नसल्याने डॉक्टरांचं कसबही गल्लीभर झालं. बायका चुकलेली विणकामं घेऊन जिना चढू लागल्या. डॉक्टर सगळ्यांना उसवून देत. विणकाम सुधारण्याची ही पहिली पायरी आहे, असं ते स्वतःला बजावत. बायको ऐकून घेई आणि सुया काही हातात देत नसे.

मग एक दिवस एक नव्या बाई थेट खाली दवाखान्यात आल्या आणि खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी हात धुतले, दिवा ओढला, आरसा उचलला.

"हं, आ करा. कुठली दाढ?"

"दाढ नाही हो, बाही," असं म्हणत त्यांनी पिशवीतून निळी बाही काढली. "कोपरापर्यंत उसवून द्या, त्याखाली सगळे टाके उलटे पडलेत. तुमचा हात फार चांगला आहे असं ऐकलं."

डॉक्टर सुखावले. बाही उजेडात धरत म्हणाले, "देतो की. आणि आलाच आहात तर दातही बघून टाकू."

"नको, नको," त्या बाईंनी घाईघाईने तोंडावर पदर धरला. "दातांसाठी मी पलीकडच्या डॉक्टरांकडे जाते."