सिनेमात नसलेली शिट्टी

ज्या सिनेमात शिट्टी नाही, त्या सिनेमातल्या शिट्टीवर मी भरल्या सभागृहात अर्धा तास भाषण केलं.

नुसतं भाषण नाही. ती शिट्टी म्हणजे संगीतकाराच्या प्रतिभेचा कळस आहे, असं सांगितलं. ‘शब्द थकतात तिथं शिट्टी सुरू होते’ हे वाक्य आदल्या दिवशी आरशासमोर पाठ केलं होतं. ते दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा टाळ्या आल्या नाहीत. शेवटी माईकवर ती शिट्टी वाजवूनसुद्धा दाखवली. मग दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला, आणि त्यात शिट्टी नव्हती.

हे सगळं बाबू तांडेलांमुळे झालं. म्हणजे झालं माझ्या मूर्खपणामुळेच, पण मूर्खपणालासुद्धा कुणीतरी कच्चा माल पुरवावा लागतो. तो तांडेलांनी पुरवला.

रत्नागिरीत मांडवीला आमचं घर आणि तांडेलांचं घर यांच्यात दगडांचा एक गडगा आहे आणि त्यावर दिवसभर एक मांजर. तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीवरचा म्होरक्या. बाबूंनी बोट विकून बरीच वर्षं झाली, पण तांडेलपण काही विकलं नाही. चहा हवा असला तरी आत बायकोला, म्हणजे काकूंना, अशा आवाजात सांगतात, की शेजारी आम्ही जाळं ओढायला उठावं.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या घरात मोठं भांडण झालंय. आत काकू टीव्हीवर मालिका बघत होत्या आणि तांडेल ओटीवर टीव्हीकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून, डोळे मिटून बसले होते. मालिकेतली सासू ओरडली, की हे मान हलवायचे.

“आत बसून बघा की,” मी म्हटलं.

“बघाचा काय त्यात? तोंडाला रंग फासून उभी असतात सगळी. डोळा फसतो, मास्तर. कान नाय फसत.”

मी मास्तर नाही. आयुष्यभर कचेरीत टेबलामागे बसलो. पण गुरुवारच्या भजनाला पेटी धरतो, म्हणून तांडेलांनी मला मास्तर केलं. पेटीबद्दलचं त्यांचं मत मात्र त्यांनी पहिल्याच गुरुवारी दिलं होतं : “पेटीला दमा हाय की वाजवणाऱ्याला?”

‘कान नाय फसत’ हे त्यांचं ब्रीदवाक्य. माणूस, यंत्र, फळ, सगळ्याची परीक्षा आवाजावर. पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलगा हसला, आणि यांनी जाहीर केलं, “रिकामा पिंप हाय हा. नको.” तो पिंप आता दुबईत स्वतःच्या दुकानात बसतो आणि दर वर्षी काकूंना खजूर पाठवतो. तांडेल खजूर खातात, पण मत बदलत नाहीत. बाजूच्या गल्लीतल्या डॉक्टरची स्कूटर गोड वाजते म्हणून त्याच्याकडे वर्षभर गुडघा दाखवला. तो दातांचा डॉक्टर निघाला. जयगडाकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांवर तर त्यांचा कायमचा राग : “भोंगा हाय, आवाज नाय.”

आणि सगळ्यांत वर तो सिनेमा.

सिनेमाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच त्यातले संवाद म्हणायला लागाल आणि माझं राहून जाईल. आला तेव्हा पडला, आणि मग पडल्या पडल्या प्रसिद्ध झाला, एवढं सांगितलं तरी पुरे. आमच्या पिढीत तो न पाहिलेला माणूस सापडणं कठीण. मी न पाहिलेला होतो. प्रसिद्ध झाल्यावर तो रत्नागिरीत लागला तेव्हा मला कांजिण्या झाल्या होत्या. शाळेत परत गेलो तर सगळा वर्ग त्याच भाषेत बोलत होता, म्हणून मीही पाहिला म्हणून सांगितलं. पुढे तीनदा पाहिला म्हणून सांगू लागलो. आता तो फोनवरसुद्धा बघता येतो. पण तीनदा पाहिलेला सिनेमा पुन्हा कशाला बघायचा, असं मला खरोखरच वाटायला लागलं होतं.

तांडेलांनीही तो पाहिला नव्हता. त्यांनी तो ऐकला होता. त्यांच्या बोटीवर एक टेपरेकॉर्डर होता आणि अख्ख्या सिनेमाची, संवाद-बिंवाद सगळ्यासकट, एक कॅसेटची जोडी. टेप खाली इंजिनापाशी, कारण बॅटरी तिथं. तांडेल वर सुकाणूवर. वारा पडला, जाळं टाकून झालं, की खालून सिनेमा सुरू. एका मोसमात तो किती वेळा झाला असेल ते त्या माशांनाच माहीत.

संध्याकाळी ओटीवर ते मला तो सिनेमा सांगायचे, तोही इंजिनासकट. “ढुकढुकढुक… आता ती बाई बोलते… ढुकढुक… आता पुलावर आली दोघां. तो पलीकडं जातोय. ती मागं वळत नाय. सारंगी थांबते. नि मग शिट्टी.” इथं त्यांचा आवाज उतरायचा. “लांबून यावी तशी. जाणारा माणूस जाता जाता मारतो ना, तशी. मास्तर, ती शिट्टी मना एकदा इंजिनाशिवाय आयकाची हाय. मोठ्या पडद्यावर. मग काय, न्या मना वर.”

“फोनवर लावून देऊ?” मी एकदा विचारलं होतं. उगाच, मोठेपणा म्हणून.

“एवढ्याशा डबीत? ती शिट्टी समुद्रात मावली नाय.”

बोटीवर इंजिन कोण सांभाळायचं, असं मी एकदा विचारलं, तर ते अंगणात थुंकले. आतून काकूंनीच सांगितलं, “दिनू होता. लहानपणापासनं एका ताटात जेवायचे दोघे. तो मुंबईला गेला गोदीत. शिमग्याला यायचा. मग पाय दुखायला लागले, नि पालखीलाबी येईना.”

“गावची पालखी दारात येते नि ज्याचा पाय उचलत नाय, तो माणूस मना मेला,” तांडेल म्हणाले, आणि तो विषय तिथं संपला. शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात नाचते तेव्हा मात्र हा माणूस डोळे उघडे ठेवतो आणि पालखीकडे न बघता रस्त्याकडे बघतो. ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं, ढोलाच्या आवाजात काही खोट काढत असतील.

तर अशातच आमच्या गावातल्या काही उत्साही मंडळींनी तो सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलं, आणि आधी त्याच्या संगीतावर कुणीतरी बोलावं म्हणून पेटीवाला म्हणून माझ्याकडे आली. मी नाही म्हणायला हवं होतं. निदान सिनेमा बघायला हवा होता. पण माझ्याकडे तांडेलांची शिट्टी होती! इतक्या वर्षांत तिच्याबद्दल कुणी लिहिलेलं, बोललेलं माझ्या कानावर आलं नव्हतं. मला वाटलं, लोकांच्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं, म्हणजे तांडेलांच्या आलं, म्हणजे माझ्याच.

रविवारी दुपारी तांडेल इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. अंगाला खोबरेल तेलाचा वास, शेजारी काकू, त्यांच्या डोक्यात अबोलीचा वळेसर. मी बोललो. शिट्टी वाजवली. पहिल्या रांगेतून स्पष्ट आवाज आला, “अशी नाय ती.” लोक हसले. मीही हसलो, जाणकार हसतात तसा.

सिनेमा सुरू झाला. माझ्या शेजारच्या खुर्चीत तांडेलांनी डोळे मिटले. माझे उघडे होते, कारण मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि खरं सांगतो, चांगला सिनेमा होता. इतकी वर्षं मी उगाच तो पाहिलेला होतो.

पूल आला. तो चालायला लागला. ती वळली नाही. सारंगी थांबली. शेजारी तांडेलांनी श्वास धरलेला मला ऐकू आला.

आणि काही नाही. नुसता पूल, आणि पाण्याचा बारीक आवाज. तो माणूस लहान लहान होत गेला, आणि तेवढा सगळा वेळ संगीतकारानं काही म्हणजे काही वाजवलं नव्हतं.

तांडेलांनी डोळे उघडले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. सभागृह माझ्याकडे बघतच होतं.

मध्यंतरात कॉलेजातली एक मुलगी येऊन नम्रपणे म्हणाली, “सर, शिट्टी?”

“प्रत खराब आहे,” मी म्हणालो.

एका गृहस्थांनी सांगितलं, की त्यांनी हा सिनेमा आला तेव्हाही पाहिलाय आणि तेव्हाही शिट्टी नव्हती. “मग तेव्हापासूनच प्रत खराब असणार,” मी म्हणालो. माझ्या पलीकडे बसलेल्या बायकोनं पर्स उचलली आणि ती दोन रांगा मागे जाऊन बसली.

सिनेमा सुटल्यावर तांडेल रिक्षातून उतरून थेट घरी गेले.  ओटीवर आपल्या जागेवर बसले. मी गडगा ओलांडून गेलो, म्हटलं आता शिव्या खाऊन घ्याव्यात. समोर पाणी तांबूस झालं होतं आणि एक छोटी होडी धक्क्याकडे येत होती. ढुकढुकढुक.

ते तिच्याकडे कान लावून बसले होते. मग म्हणाले, “मास्तर, कान फसला.”

मी त्यांच्या शेजारी ओटीवर टेकलो.

“खालून यायची ती शिट्टी. इंजिनाकडून. टेप खाली नि तोबी खाली.” त्यांनी होडीकडे बोट केलं. “दिनू होता तो.”

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“सारंगी थांबली, की तो मारायचा. दर वेळी. त्याच जागी. नि मना वाटायचा, पिक्चरची हाय.” त्यांनी हाताचा तळवा गुडघ्यावर घासला. “इतकी वर्षं एका बोटीत काढली. मी त्याला कवा म्हटला नाय, दिन्या, शिट्टी बरी मारतोस म्हणून. पिक्चरवाल्याला म्हटला. त्या पिक्चरवाल्याला मी ओळखतसुद्धा नाय.”

मला पडद्यावरचा तो पूल आठवला. माझ्या अर्ध्या तासात जे मला सांगता आलं नव्हतं, ते तिथं होतं. संगीतकारानं त्या जागी मुद्दाम काही ठेवलं नव्हतं; सोडून जाणारा ज्याचा त्याचा वेगळा असतो, म्हणून ती जागा मोकळी सोडली होती. खाली तेलाच्या वासात बसलेल्या दिनूला ते समजलं होतं. तो पुढे मुंबईला जाणारच होता, त्याची शिट्टी आधीच जात होती. आणि वर सुकाणूवरचा माणूस तिला वाद्य समजून दाद देत होता.

काकू बाहेर आल्या. हातात फोन. “नंबर हाय माझ्याकडं. दर चतुर्थीला बोलतो आमी.”

“कोण आमी?”

“मी नि तो नि त्याची बायको. तुमाला काय सांगाचा? तुमच्यासाठी तो मेला होता.”

तांडेलांनी फोन धरला, पण उलटा. मी सुलटा करून दिला आणि स्पीकर लावला. विरारला दिनूच्या लेकीच्या घरी घंटी वाजली आणि पलीकडून एक खरखरीत आवाज आला, “बोला वयनी, आज मधीच?”

“वयनी नाय. मी.”

पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग, “बाबल्या?”

“पाय कसा हाय?”

“दोन्ही गेले. जिन्यावरनं खाली उतराया चौघां लागतात. नायतर मी पालखी सोडली असती काय रे? तू कसा हाय?”

 तांडेलांचे डोळे मिटलेले होते. “दिन्या, शिट्टी मार.”

“काय?”

“पुलावरची. मार.”

“अरे, दात कुठं हाय आता! कवळी लावली तरी नुसता वारा येतो.”

“वारा येऊ दे.”

आणि खरोखरच वारा आला. फुस्स, फुस्स, मध्येच कुठे एक सूर, पुन्हा फुस्स. धक्क्यावरची होडी अजून ढुकढुकत होती. काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की कसं, ते मला डोळ्यांनी कळेना. तांडेल मात्र मान हलवत होते, पूर्ण ठेक्यात, शेवटचा वारा संपेपर्यंत.

“चांगली मारतोस,” ते म्हणाले.

“आता सांगतोस? तोंडाचं बोळकं झाल्यावर?”

“मना आज कळला. पिक्चर बघितला. त्यात नाय ती.”

“त्यात कशी असंल? माझी हाय ती.” दिनू हसला. ते हसणं पिंपासारखं नव्हतं, एवढं मलाही कळलं. “नि आज एकदम पिक्चर कसा काय?”

“मोठा कार्यक्रम होता. आमचे शेजारी मास्तर हायत, त्यांनी तुझ्या शिट्टीवर भाषण दिला. अर्धा तास. माईकवर. लई वाखाणली.”

“काय सांगतोस! माझ्या शिट्टीवर? अर्धा तास?” त्याचा आवाज एकदम तरुण झाला. “नि मग माझा नाव घेतला?”

तांडेलांनी माझ्याकडे पाहिलं. मी होडीकडे पाहिलं.

“नाय,” तांडेल म्हणाले. “पिक्चरवाल्याचा घेतला.”

“मास्तर गाढव हाय,” विरारहून आवाज आला.