पेट्रोलमधला चोर

भाषण आरशासमोर उभं राहून पाठ करायचं असं मी ठरवलं, तिथेच सगळं बिनसलं. आमच्याकडचा मोठा आरसा बाथरूमच्या दाराशेजारी आहे, आणि सकाळी बाथरूममध्ये बाबा असतात.

वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'इथेनॉलमिश्रित इंधन : फायद्याचं की तोट्याचं?' मी फायद्याच्या बाजूने बोलणार होते. खरं म्हणजे दरवर्षी जाणारी मुलगी यंदाही जाणार होती, पण तिचा घसा बसला. (माझा घसा कधीच बसत नाही. न वापरलेली वस्तू टिकते.) शाळेच्या इतक्या वर्षांत बाईंनी मला पहिल्यांदाच निवडलं होतं. वर्गात माझी एक अडचण आहे. मी मनात वाक्य नीट जुळवून घेते, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. पण भाषणात तसं होणार नव्हतं. तिथे पाच मिनिटं कुणालाही मधे बोलता येत नाही, असा नियमच आहे. मला स्पर्धा जिंकायची नव्हती. मला ती पाच मिनिटं हवी होती.

समोरच्यांचे मुद्देही पाठ असू देत, असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणून मी आधी तोटे म्हणत होते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप खराब करतं. ॲव्हरेज कमी होतं. मग मी फायद्यांकडे वळले, तेवढ्यात बाबांनी शॉवर सोडला.

थोड्या वेळाने ते टॉवेलवरच बाहेर आले. "सापडला चोर!"

आमची गाडी माझ्याहून मोठी आहे. ती आईच्याही आधी घरात आली, म्हणून आई तिला 'थोरली' म्हणते. थोरलीचं ॲव्हरेज घटलं की आजवर आळ आईवर यायचा. "तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस." त्या दिवशी तो पहिल्यांदाच दुसऱ्या कुणावर गेला. आईच्या चेहऱ्यावर इथेनॉलबद्दल कृतज्ञता दिसली. ती फार टिकली नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी बाबांनी जाहीर केलं, "माझी मुलगी भेसळीच्या पेट्रोलवर स्पर्धेला जाणार नाही."

"मग बसनं जाऊ दे तिला," आई म्हणाली. "स्टॉप समोर आहे."

"बसमध्ये काय घालतात, तुला माहीत आहे?"

"डिझेल."

"तेच म्हणतोय मी. कुणाचा भरवसा नाही!"

बाबांनी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता. पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवायचं. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात जातं आणि पाण्याबरोबर तळाला बसतं. वरचं पेट्रोल 'शुद्ध'. बाबा नळी घेऊन खाली गेले, तोंडाने ओढून थोरलीची टाकी जवळजवळ रिकामी केली आणि कॅन घेऊन वर आले. पहिला घोट त्यांच्या तोंडातच गेला होता. त्यानंतर त्यांना चहापासून आईच्या ओरडण्यापर्यंत सगळ्याला पेट्रोलचा वास येत होता. (चहा कालचा होता आणि गार होता. गॅस पेटवायला त्यांनी बंदी केली होती.)

बाल्कनीत, कठड्याला पाठ टेकून, तळाशी तोटी असलेल्या आईच्या पारदर्शक बरणीत त्यांनी प्रयोग केला. खरंच, आत दोन थर झाले. मधे रेघ मारल्यासारखी रेघ. मला ते सुंदर वाटलं, खोटं कशाला बोलू? बाबांनी तोटी उघडून खालचा थर एका कॅनमध्ये सोडला, मग वरचा दुसऱ्या कॅनमध्ये. अशा खूप बरण्या झाल्या. दोन्ही कॅन तेलाचे, पांढरे, जुळ्या बहिणींसारखे.

"लक्षात ठेव, ठमे. उजवीकडे पेट्रोल, डावीकडे चोर."

मग ते हात धुवायला आत गेले. परत आले ते घरातून, दारातून, कठड्याकडे तोंड करून. आणि त्यांनी उजवीकडचा कॅन उचलला.

मी वाक्य जुळवायला घेतलं. ते जुळेपर्यंत बाबा जिना उतरले होते. मी मागे धावले. ते नरसाळं लावून ओतत होते.

"बाबा..."

"आता नाही, सांडेल."

मी डोळे मिटले आणि सगळं एका दमात म्हटलं, "बाबा, मघाशी तुमची पाठ कठड्याला होती आणि आता तोंड होतं, म्हणून तुमचं उजवं डावं झालं आणि तुम्ही टाकीत पाणी ओतताय!"

बाबा थांबले. कौतुकाने माझ्याकडे बघत राहिले.

"शाब्बास! अस्संच खणखणीत बोल तिथे."

मी बोलले एवढंच त्यांनी ऐकलं. काय बोलले ते नाही. कॅनमधलं उरलेलंही त्यांनी ओतलं. दुसरा कॅन वरून आणून डिकीत ठेवला. "हा चोर तिथे सगळ्यांना दाखव. पुरावा!"

टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत जुनं पेट्रोल उरलं होतं, तेवढ्यावर थोरली पुलाच्या चढापर्यंत गेली. तिथे तिने दोन आचके दिले आणि देह ठेवला.

बाबांनी बॉनेट उघडलं. हेल्मेट घातलेले एक काका थांबले, म्हणून आणखी चारजण थांबले. बाबांनी डिकीतून कॅन काढला आणि बोलायला लागले. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप... माझे शब्द, माझा क्रम. हाताची मूठही माझीच, आरशासमोरची.

हेल्मेटवाल्या काकांनी झाकण उघडून वास घेतला. "अहो, हे तर पेट्रोल आहे."

"तसाच वास येतो त्याला. म्हणून तर फसतो माणूस!"

"मग टाकीत काय आहे?"

"शुद्ध पेट्रोल."

"मग गाडी का बंद पडली?"

"सवय मोडली तिची!"

लोक हसले. कुणीतरी विचारलं, "याचे फायदे काहीच नाहीत का हो?"

"ते हिला विचारा," बाबा म्हणाले. "हिचा विषय आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी वाक्य जुळवू लागले. समोरून बस आली. दोघं तिच्यामागे धावले, बाकीचे आपापल्या वाटेने गेले. तीच बस स्पर्धेच्या शाळेवरून जाते.

मग बाबांच्या फोनवर बाईंचा फोन आला. आमच्याकडून कुणीच न आल्यामुळे समोरच्या शाळेला न बोलताच विजयी घोषित केलं होतं.

"बघ!" फोन खिशात टाकत बाबा म्हणाले. "शेवटी तोटेच जिंकले. आधीच माझं ऐकलं असतंस तर!" गाडीकडे लक्ष ठेव, असं सांगून ते मेकॅनिक शोधायला गेले.

मी मागच्या सीटवर बसले. काचा वर केल्या. आणि सुरुवात केली, "अध्यक्ष महोदय..." इथेनॉल शेतातल्या पिकापासून होतं, दुसऱ्या देशांपुढे तेलासाठी हात पसरणं कमी होतं. धूर कमी होतो. इंजिनात ठोके पडत नाहीत. जुन्या गाड्यांना त्रास होतो हे खरं आहे, पण तो त्रास नीट माहिती घेऊन टाळता येतो. इथे मी मूठ वळली. पूर्ण पाच मिनिटं मी बोलले, आणि एकदाही अडखळले नाही.

माझं बोलणं संपेपर्यंत जागचं न हललेलं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी भेटलं. (हलणार कशी बिचारी? टाकीत पाणी होतं.)