संघदीपच्या मुलाखतीतला संशयित

कुठलाही बनाव मला वासावरून कळतो. पुसदमध्ये इतकी वर्षं बातमीदारी केली. उद्घाटनाची पत्रिका हातात आली, की ऐनवेळी कोणता पाहुणा येणार नाही हे मी आधीच सांगतो. त्यामुळे माझा मेव्हणा संघदीप याला एका पतसंस्थेनं ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं, तेव्हाच मला शंका आली. संघदीप जन्मापासून अंध. ग्राहकांचे फोन घ्यायची नोकरी, दिव्यांगांसाठी राखीव जागा, आणि मुलाखत म्हणे लॅपटॉपवर! जागा नक्की कुणाच्या तरी भाच्याला देऊन झाली असणार. मी साक्षीदार म्हणून खोलीत थांबायचं ठरवलं.

संघदीपला ते पसंत नव्हतं. त्याच्या लॅपटॉपात स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारी एक बाई आहे. मीटिंगमध्ये कोण आलं, कोणी हात वर केला, चॅटमध्ये काय लिहिलं, हे ती त्याच्या कानात सांगते, तेही कापसाच्या लिलावाच्या वेगानं.

"थांबा, पण इअरफोनले हात लावू नका, भाऊजी," तो म्हणाला. "तिचा आवाज तिकडं गेला त गडबड होईन."

मी टेबलालगतच्या कपाटाआड उभा राहिलो.

मुलाखत सुरू झाली. स्क्रीनवर तिघं होते. अध्यक्ष नागोराव म्हणून कुणी. संघदीपची उत्तरं मला ऐकू येत होती, प्रश्न मात्र त्याच्या इअरफोनमध्येच. आणि तिघंही मधूनमधून खाली बघून काहीतरी टाइप करत होते. भाच्याचाच विषय! मी हात लांबवून इअरफोनची पिन हळूच उपसली.

बाई खोलीभर कडाडली. तिकडे तिघांच्या माना वर झाल्या.

मागून कोण बाई सांगते आहे, असं नागोरावांनी विचारलं. ते यंत्र आहे, असं संघदीपनं सांगितलं, पण त्यांना पटेना. खोली दाखवायला सांगितली. त्यानं लॅपटॉप फिरवला आणि कपाटाआड मी सापडलो, हातात पिन.

तिघं पुन्हा टाइप करू लागले. उमेदवाराला दिसत नाही, म्हणजे चॅटमध्ये काहीही लिहावं, असा त्यांचा समज. बाईनं ते त्यांच्यासकट सगळ्यांना वाचून दाखवलं: "नागोराव. पोरगं पहिल्या उत्तरालेच पसंत होतं. पण तो लपलेला मानूस उत्तरं सांगून राह्यला. नाव काटा."

भाचा कुठंच नव्हता.

माझी बायको साधना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "माह्या भावाची नोकरी खाल्ली," ती म्हणाली, "आता पिन तरी खाली ठेवा."

संघदीप मात्र शांत होता. "सर, तुमचं चॅट मी ऐकलं. हे माहे भाऊजी. यायले यातलं काहीच समजत नाही, मले काय सांगतीन? तुमीच पाहा विचारून."

त्यांनी मला लॅपटॉपसमोर बसायला लावलं. आधी माइक बंद करून दाखवायला सांगितला. मी ठामपणे एक बटण दाबलं. तिघंही गायब झाले. संघदीपनं मीटिंग परत जोडून दिली. मग विचारलं, की एका ग्राहकाचा फोन चालू असताना दुसऱ्याचा आला तर काय कराल? दोघांनाही ऑफिसात बोलवून घेईन, असं मी म्हणालो. तिसरा प्रश्न आलाच नाही.

या वेळी नागोरावांनी मुद्दाम चॅटमध्येच लिहिलं, आणि बाईनं वाचलं: "या मानसापासून कोनालेच काही मदत भेटू शकत नाही. पोराले घ्या."

बाकी दोघांचंही तेच मत पडलं. सोमवारी संघदीप कामावर रुजू झाला. बातमी मात्र मी दिली नाही. संघदीपच्या निर्दोषत्वाचा एकमेव पुरावा मीच होतो, आणि त्याचा तपशील छापण्यासारखा नव्हता.