तीस फुटांवरचा सापळा

पोस्टमास्तरांच्या गुलाबांची भुंगेऱ्यांनी पार चाळण केली होती, आणि गल्लीची बागस्पर्धा चार दिवसांवर आली होती. मास्तर निवृत्त झाल्यापासून दरवर्षी करंडक शेजारच्या वकिलांकडे जायचा. यंदा मास्तरांनी हिरवळ गुडघ्यांवर बसून कात्रीने कापली होती. करंडक पुन्हा हुकला असता तर ते खरोखरच खचले असते.

बुधवारी त्यांनी सापळा आणला. पिवळी पिशवी आणि तिच्यावर भुंगेऱ्यांना भुरळ घालणाऱ्या वासाची डबी. मास्तरांचा सारा जन्म छापील नियम पाळण्यात गेलेला, त्यामुळे सूचनांचा कागद त्यांनी तीनदा वाचला.

"झाडांपासून तीस फुटांवर टांगायचाय. टेप आण."

"अहो, आपली बाग अख्खी पंचवीस फुटांची!" बायको म्हणाली.

"नियम म्हणजे नियम."

ते मोजत सुटले. अंगणातल्या पायरीपर्यंत तीस फूट भरले नाहीत, बैठकीच्या खोलीपर्यंतही भरले नाहीत. सगळ्या झाडांपासून तीस फूट भरणारी जागा एकच निघाली, ती म्हणजे स्वयंपाकघरातला गाळणी अडकवायचा खिळा. भुंगेऱ्यांना वाट हवी म्हणून दारंखिडक्या सताड उघडल्या.

शुक्रवारी ऊन पडलं आणि रांग लागली. दुपारपर्यंत पिशवी भरली, मग स्वयंपाकाचा ओटा, मग फ्रिजची मूठ. बायको छत्री उघडून फोडणी देत होती.

"काढा ते आधी!"

"रविवारपर्यंत दम धर. बागेत एक तरी दिसतोय का बघ."

तेवढ्यात कुंपणावरून वकील हसले. "मास्तर, नवलच! माझ्याकडचेसुद्धा सगळे भुंगेरे गायब झाले."

मास्तरांचा चेहरा पडला. सापळा काढावा, तर आतले भुंगेरे थेट गुलाबांवर जाणार. त्यांनी दारंखिडक्या घट्ट लावून घेतल्या.

रविवारी परीक्षक बाई आल्या. वकिलांची बाग बघून, गुण देऊनच आल्या होत्या. ऊन कडक होतं.

"जरा पाणी मिळेल?"

"बागेत नळ आहे," मास्तर घाईने म्हणाले. "ओंजळीने छान लागतं."

पण बायकोने ते आतून ऐकलं होतं. पाहुणीला ओंजळीने पाणी? ती पेला घेऊन बाहेर आली आणि दार उघडंच राहिलं. तिच्या मागून भुंगेऱ्यांचा लोटच आला. मास्तरांच्या चाळणी झालेल्या पानांवर एक घिरटी घालून तो वकिलांच्या कोवळ्या, अखंड पानांवर जाऊन बसला.

करंडक वकिलांनाच मिळाला.

बायकोने सापळा लगेच उतरवला, आणि त्याची गोष्ट कुंपणापलीकडेही पोचली. संध्याकाळी वकील करंडक घेऊन दारात उभे राहिले. केस विस्कटलेले, कॉलरवर एक भुंगेरा.

"मास्तर, हा तुम्हीच ठेवा. फक्त तो वास पुन्हा टांगा, पाया पडतो!"

करंडक चांगला वीतभर उंच होता आणि चकाकत होता. मास्तरांनी तो हातात घेऊन डोळे भरून पाहिला. मग त्यांनी मागे पाहिलं. बायको स्टुलावर चढून, ओल्या फडक्याने डब्यांच्या खाचांतून भुंगेरे काढत होती. तिने नुसतं एकदा वळून बघितलं.

मास्तरांनी करंडक परत वकिलांच्या हातात दिला.

"छे, छे, वकीलसाहेब. बक्षीस तुमचं, आणि त्याच्याबरोबर आलेली मंडळीही तुमचीच."

आणि त्यांनी दार हळूच, पण पक्कं लावून घेतलं.